केरबा अस्वलाची गोल पटाशी

एका जंगलात, बाळांनो, म्हणजे ज्या जंगलाला अजून कुणी अभयारण्य म्हणून जाहीर केलं नव्हतं आणि म्हणून जिथले प्राणी बऱ्यापैकी सुखात होते अशा एका जंगलात, केरबा नावाचं एक अस्वल राहत होतं. मांडी घालून नीट बसा. मागे कोण चुळबुळ करतंय? ज्यांना मोठेपणी एखाद्या समितीवर जायचं आहे त्यांनी पुढे या. गोष्ट तुमच्याच कामाची आहे.

केरबा कातारी होता. कातारी म्हणजे लाकूड गोल फिरवून, त्याला हत्यार लावून भोवरे, लाटणी, पलंगाचे पाय असल्या वस्तू करणारा. दोन खुंट्यांच्या मधे लाकूड अडकवायचं आणि त्याला दोरीचे वेढे द्यायचे. एकानं दोरी मागेपुढे ओढली की लाकूड गरगर फिरतं, आणि दुसरा त्याला हत्यार लावतो. केरबाच्या घरी दोरी त्याची बायको सारजा ओढायची आणि हत्यार केरबा धरायचा. जंगलात नाव मात्र एकट्या केरबाचं होतं. का, ते घरी आईला विचारा.

त्याचं हत्यार एकच होतं, गोल पटाशी. साधी पटाशी सपाट असते. ही मधून पन्हळीसारखी खोलगट आणि तोंडाला गोल. केरबाच्या आज्यानं ती लाकूडतोड्यांच्या छावणीतून उचलून आणली होती. माणसं याला चोरी म्हणतात. केरबाच्या घरी याला वारसा म्हणत.

आता धारेचं सांगतो, कारण सगळं रामायण धारेवरून झालं. लाकडातून लांब, वळलेला कीस निघतोय तोवर धार बरी आहे असं समजायचं. कीस जाऊन भुसा पडायला लागला की पटाशी पायानं फिरवायच्या दगडाच्या चाकावर धरायची. थोडी घासायची, मनगटावरून एकदा फिरवायची. केस सफाचट निघाले की बास, परत कामाला लागायचं. त्यामुळे केरबाच्या डाव्या मनगटावर बोराएवढं टक्कल होतं. त्याच्या बापाला होतं, आज्यालाही होतं. त्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं.

त्या वर्षी सारजाला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि दोघांनी आशा सोडली होती. केरबाला इतका आनंद झाला की तो मधाचं पोळं न खाताच झाडावरून उतरला.

"अवो," सारजा म्हणाली, "आता पाळना करायला घ्या. शिवणीचं लाकूड वाळून तयार हाय."

"करू की. घाई काय हाय?"

"मला न्हाई, ह्या पोटाला घाई हाय. अजून थोडं फुडं आलं की मला वाकून दोरी ओढता यायची न्हाई. मग लाकूड कोन फिरवनार?"

पाळणा पाहिजेच होता. त्यांच्या गुहेची जमीन ओली आणि थंडीत तिच्या भेगांतून लाल मुंग्या वर यायच्या. अस्वलं मुंग्या खातात हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. पण तान्हं पिल्लू मुंग्यांना खात नाही. मुंग्याच त्याला खातात. म्हणून त्या घरात पोर जन्माला येण्याआधी गुहेच्या छताला पाळणा टांगायची पद्धत होती.

केरबानं शब्द दिला आणि दुसऱ्याच दिवशी एक दांडा कातला. सारजा दोरी ओढत होती, पटाशीतून किसाची भेंडोळी पडत होती, आणि दांडा असा उतरला की सारजानं तो गालाला लावून बघितला. असे अजून थोडे दांडे झाले की पाळणा उभा राहणार होता.

इतक्यात वाघमहाराजांचं आसन डुगडुगायला लागलं.

आसनाचा एक पाय झिजून आखूड झाला होता. महाराजांनी डरकाळी फोडली की आसन खट्‌कन एका बाजूला कलायचं आणि दरबारी मंडळी खाली बघून ओठ चावायची. डरकाळीतला दरारा निघून गेला. म्हणून महाराजांनी ठरवलं की एक राजकातारी नेमायचा. त्याला मधाची पोळी घरपोच आणि दरबारात पुढच्या रांगेत जागा. निवडीचं काम सोपवलं श्रीरंगपंतांकडे.

श्रीरंगपंत हे उदमांजर होते. तालुक्याच्या गावात एका तंत्रशाळेच्या माळ्यावर काही वर्षं काढून ते जंगलात परतले होते, त्यामुळे त्यांना विद्वान म्हणत. उदमांजर दिवसा झोपतं हे तुम्हाला ठाऊक आहे. खाली मास्तर शिकवायला लागले की पंत अर्धवट जागे असायचे, तेवढ्यात धारेचा धडा कानावर पडायचा. मास्तर लाकडाकडे वळेपर्यंत पंतांना गाढ झोप लागलेली असायची. त्यामुळे धारेवर त्यांचा अधिकार मोठा होता. लाकूड या विषयाशी त्यांचा संबंध म्हणजे ते ज्या तुळईवर झोपायचे ती तुळई.

पंत पाहणी करत केरबाच्या दारात आले. केरबानं पाळण्याचा दांडा त्यांच्या हातात ठेवला. पंतांनी तो उलटा केला, सुलटा केला, हुंगला. बरा की वाईट, काही कळेना. तेवढ्यात त्यांची नजर केरबाच्या मनगटावर गेली.

"हे काय आहे?"

"टक्कल हाय जी. धार बघताना केस जात्यात."

पंतांचे डोळे चमकले. "म्हणजे ज्याची धार चांगली, त्याचे केस जास्त जातात?"

"तसं म्हनता यील."

"आणि ज्याला टक्कल अधिक, तो कातारी अधिक थोर?"

आता इथं केरबानं नाही म्हणायला हवं होतं. त्याला ते ठाऊकही होतं. पण समोर पंत, पंतांच्या मागे दरबार, आणि सगळ्या जंगलात टक्कल असलेला तो एकटाच. त्यानं मनगट जरा पुढे केलं.

"तसंबी म्हनता यील," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. थंडीच्या तोंडावर दरबारात परीक्षा. ज्याच्या अंगावर जास्तीत जास्त टक्कल तो राजकातारी. मोजमाप दोरीनं. पंत महाराजांना म्हणाले, "महाराज, कातकाम पारखायचं तर लाकूड कळावं लागतं, आणि त्यात मतभेद होतात. टक्कल कुणालाही दिसतं." महाराजांना हे पटलं, कारण टक्कल त्यांनाही दिसत होतं.

मग काय विचारता. सगळं जंगल कातारी झालं. ससे, लांडगे, हरणं, कोल्हे, जो तो पटाशी घेऊन चाकावर बसला. एवढ्या पटाशा कुठून आल्या असं विचारू नका. गोष्टीत लोखंड लागेल तेव्हा सापडतं. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत नुसती खरखर आणि ठिणग्या. लाकडाला मात्र कुणी हात लावत नव्हतं, कारण लाकडाला लावली की पटाशीची धार जाते आणि मग तेवढे केस कमी निघतात. हिशोब अगदी सरळ होता.

केरबाला पहिल्यांदा हसू आलं. ही विद्या त्याच्या घरातली. बोराएवढं टक्कल पहिल्यापासूनच होतं, म्हणजे तो सगळ्यांच्या पुढे. मग त्याला कुणीतरी सांगितलं की लांडग्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुळगुळीत झालेत. केरबाला ते झोंबलं. तो उठून चाकावर जाऊन बसला.

"दांडे कवा कातायचे?" सारजानं विचारलं.

"धार झाली की."

"झालीया की. काल तर हाताचे केस गेले."

"हात झाला, खांदा ऱ्हायलाय."

त्यातच श्रीरंगपंतांनी व्याख्यानं सुरू केली. पहिल्या व्याख्यानात ते म्हणाले की पटाशीचं तोंड सरळ हवं. सगळ्यांनी गोल तोंडं घासून सरळ केली. दुसऱ्यात म्हणाले की तोंड नखासारखं गोल हवं. सगळ्यांनी सरळ केलेली तोंडं पुन्हा गोल केली. मग दोन्ही काठ मागे ओढून घेतलेले हवेत असं निघालं. मग धारेचा उतार लांब हवा, आणि पुढच्या व्याख्यानात आखूड. पंत मधेच डुलकी घ्यायचे आणि जागे झाले की नवा आकार सांगायचे. प्रत्येक आकाराला थोडं पोलाद खर्ची पडायचं. शिवाय घाईत चाकावर जोर दिला की पोलाद तापून निळं पडतं आणि निळ्या पोलादाला धार टिकत नाही. तो निळा भागही घासून टाकावा लागतो. आज्याची पटाशी हातभर लांब होती. ती वीतभर झाली.

केरबा हे बघत नव्हता असं नाही. एकदा चाक थांबवून तो पटाशीकडे बघत बसला होता. पण शेजारच्या गुहेतून खरखर ऐकू आली आणि त्यानं पुन्हा पाय चाकावर ठेवला.

सारजाचं पोट वाढत होतं. तिनं एकदा स्वतःच दोरी घेतली, लाकूड खुंट्यांत अडकवलं आणि त्याला हाक मारली.

"या. आज मला वाकता येतंय. उद्याचं काय खरं न्हाई."

"आज नगं. आज पाठ करायचीय."

"पाठ?"

"हात पोचत न्हाई गं. तू जरा पटाशी फिरव पाठीवरनं."

सारजानं हातातली दोरी खाली ठेवली. अस्वलाचं पोर मोठं होईस्तोवर आईबापाच्या पाठीवर बसून फिरतं. केस घट्ट धरतं आणि बसतं. तिची आई तशी फिरली होती, ती स्वतः तशी फिरली होती.

"पाठीचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोराला धरायला कायतरी लागंल का न्हाई?"

"केस काय, परत येत्यात. परीक्षा परत येत न्हाई."

सारजानं पटाशी हातात घेतली नाही. मग केरबानं ती झाडाच्या बेचक्यात पाचर मारून बसवली आणि स्वतःच तिच्यावर पाठ घासली. पाठ छान गुळगुळीत झाली. सारजानं त्या दिवसापासून दांड्यांचं नाव काढलं नाही. थोड्या दिवसांनी तिला वाकताच येईना, तेव्हा तिनं दोरी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. केरबाला वाटलं, बरं झालं, हिची कटकट थांबली.

परीक्षेचा दिवस आला. दरबार काय दिसत होता म्हणून सांगू. जिकडे तिकडे उघडी, गुलाबी, काळपट, सुरकुतलेली अंगं. लांडगा कोण आणि कोल्हा कोण ते आवाजावरून ओळखायचं. ससे तर बघवत नव्हते. हरणाचे ठिपके गेल्यामुळे महाराजांना त्याच्याकडे बघून भूकच लागेना. हरणाचं म्हणणं असं पडलं की या विद्येत बाकी काही अर्थ असो वा नसो, एवढा फायदा खरा.

पंत दोरी घेऊन मोजत निघाले. लांडगा चांगला होता, पण शेपटीला झुबका राहिला होता. कोल्ह्याच्या कानामागे केस सापडले. केरबाची पाळी आली. पंतांनी पुढून बघितलं, मागून बघितलं, काखा वर करायला लावल्या. एक केस सापडेना. सभा बघत राहिली. केरबाची छाती फुगली. थंडीनं ती थरथरतही होती, पण फुगल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

"धन्य," पंत म्हणाले. "राजकातारी म्हणून मी नाव घोषित करतो..."

त्याच वेळी आसनाजवळच्या रांजणातून एक बेडूक बाहेर आला. तो तिथंच राहायचा. गडबड कसली म्हणून बघायला आला होता. ऊन पडलं होतं आणि बेडूक नखशिखांत चकाकत होता.

पंतांनी दोरी टाकली आणि बेडकाला उचलून उजेडात धरलं. केरबाच्या कातडीवर निदान केसांची मुळं दिसत होती. इथं मुळंसुद्धा नव्हती.

"आपली पटाशी कोणती?" पंतांनी आदरानं विचारलं.

"कसली पटाशी?" बेडूक म्हणाला.

"ऐकलंत, महाराज? पटाशीचीही गरज उरलेली नाही. ही साधना कधीपासून?"

"काय माहीत. मी जन्मापासून असाच आहे."

पंतांनी हात जोडले. महाराजांनी मान डोलावली. बेडूक राजकातारी झाला. त्यानं दोनदा सांगून बघितलं की मला लाकूडकामातलं काही येत नाही, पण तो विनय समजला गेला.

केरबाला उपराजकातारी केलं. रडू आलं त्याला. पण पंतांनी खांद्यावर शाल घातली, पुढच्या रांगेत बसवलं, आणि शाल उबदार होती. हळूहळू त्याचा चेहरा खुलला. त्याच्या कुळात आजवर कुणाला उप काहीच मिळालं नव्हतं.

आता आसनाचा पाय कातायचा होता. बेडूक थंडीचा चिखलात जाऊन झोपला, म्हणजे साहेब रजेवर. काम केरबाकडे आलं. केरबानं पटाशी काढली. बोटाएवढा तुकडा उरला होता. तो मुठीत धरला तर बाहेर काहीच राहत नव्हतं आणि लाकडाला लावायचं म्हटलं तर आधी बोटंच कातली गेली असती. जंगलातल्या बाकीच्या पटाशांची गत हीच होती. एवढं धारदार जंगल आणि त्यात एक लाटणं होईल एवढं हत्यार शिल्लक नव्हतं.

महाराजांनी वैतागून तो तुकडा त्याच्या हातातून घेतला आणि आसनाच्या आखूड पायाखाली सरकवला. अगदी मापात बसला. आसन डुगडुगायचं थांबलं. पंतांनी त्यावर एक भाषण केलं आणि ही या विद्येची सर्वोच्च निष्पत्ती आहे असं सांगितलं. टाळ्या झाल्या. केरबानंही वाजवल्या.

मग थंडीभर केरबा दौऱ्यावर होता. शेजारच्या जंगलांत धारेची विद्या पोचवायची होती. शाल पांघरून तो हिंडला, हार घालून घेतले, लोकांची मनगटं तपासली. घरची आठवण यायची. पोर झालं असेल असं मनात यायचं. पण पुढचं व्याख्यान ठरलेलं असायचं, आणि घरी पाळणा नसल्याची आठवणही त्याच वेळी यायची. दुसरी आठवण आली की पहिली तो बाजूला सारायचा.

पळस फुलल्यावर तो परतला. अंगावर अजून केस आले नव्हते. नुसती खुंटं आली होती. तो दोन पायांवर चालत गुहेपाशी आला, कारण शाल घालून चार पायांवर चालणं बरं दिसत नाही.

गुहेत सारजा भिंतीला टेकून बसली होती. ती खूप वाळली होती. सगळी थंडी तिनं पोराला पोटावर घेऊन अशीच बसून काढली होती. तिला डोळा लागला की पोर घसरून खाली जायचं, आणि खाली मुंग्या होत्या. एकदा तसं झालं होतं. पोराच्या डाव्या कानाची कड कुरतडल्यासारखी होती.

केरबाला तो कान दिसला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते पोर त्याच्यासमोर होतं, आणि त्याला हातात घ्यायला तो पुढे सरकला.

"सारजे," तो म्हणाला, "उद्यापास्नं पाळना करतो. कुटूनबी पटाशी आनतो."

"ऱ्हाऊ द्या," सारजा म्हणाली. "पाळन्याचं वय गेलं त्याचं. चालाय लागलंय. बोलाय बी लागलंय."

पोरानं मान वर केली. दारात उजेड अडवून कुणीतरी उभं होतं. दोन पायांवर उभं, अंगावर केस नाहीत, खांद्यावर कापड. असलं काही दिसलं की काय करायचं ते जंगलात प्रत्येक पोराला डोळे उघडल्यापासून शिकवतात. पोर किंचाळलं, आईच्या पाठीमागे पळालं आणि तिचे केस त्यानं घट्ट धरले.

"आये, मानूस आलाय."

केरबा तिथंच थांबला. शाल खाली पडली, तशी पोरानं डोळे मिटून घेतले.

सारजानं पोराला पुढे ओढून घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"भिऊ नगं," ती म्हणाली. "मानूस न्हाई त्यो. तुजा बाप हाय. धार लावायला गेला हुता."

तात्पर्य: बाळांनो, हत्यार कधीही लाकडाला लावू नये. लाकडाला लावलं की धार जाते, आणि वस्तू तयार झाली की लोकांना ती वाकडी आहे का सरळ आहे ते दिसतं. नुसती धार लावत राहिलात तर मान मिळतो, शाल मिळते, आणि घरची माणसं काही महिन्यांनी ओळख करून दिली की ओळखतातही. त्यातूनही ज्यांना राजकातारीच व्हायचं असेल, त्यांनी पुढच्या जन्मी बेडूक व्हावं.